उलटी धरलेली कॉन्सर्टिना

या, अशा जवळ सरका. कीर्तन संपलं, चहाला अजून उकळी फुटायची आहे, आणि माझा गळा काही थंड झालेला नाही. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. मघाशी तुमच्यापैकी कुणीतरी विचारलंत ना, "शलोमीबाई, हा बाजा तुम्ही कुणाकडं शिकलात?" नाव एका दमात सांगता येईल, पण नुसत्या नावानं तुम्हाला काही कळणार नाही. म्हणून सुरुवातीपासून ऐका.

चौऱ्याहत्तर सालचा ऑगस्ट. आमच्या ओसरीवर शमुवेलकाका भिंगारदिवे काठी गुडघ्यांत धरून बसले होते. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांचे ते प्रमुख. वय त्रेसष्ट, आवाज दारातून गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"तो बाजा मंडळीचा आहे, शलोमी," ते म्हणाले. "तुझ्या आजीला मिशनच्या मडमेनं दिला, ती मंडळीची बायबलबाई होती म्हणून. मग तुझ्या बापाकडं राहिला, तो वाजवत होता म्हणून. आता दाविद गेला. मग?"

"मग मी वाजवीन."

"वाजव की."

पण मला वाजवता येत नव्हतं.

माझे बाबा म्हणजे दाविदबुवा रणनवरे. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांत त्यांचं कीर्तन नाही झालं असं गाव नव्हतं. बाकीचे कीर्तनकार झांज घेऊन उभे राहायचे. बाबांच्या छातीशी मात्र कॉन्सर्टिना असायची. सहा कोनांचा, दोन हातांत मावणारा बाजा, मधे भाता, दोन्ही अंगांना बटणं. आख्यान रंगात आलं की बाबा भाता असा ओढायचे, जणू एक लांबलचक उसासा माणसांच्या अंगावरून फिरतोय. मी लहान असताना मला खरंच वाटायचं, देव श्वास घेतो तो असाच.

जुलैत बाबा गेले. शेतातून आले, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. वय पन्नास. आई माझ्या लहानपणीच गेलेली. घरात मी एकटी, मिशनच्या शाळेत मास्तरीण, पंचवीस वर्षांची.

"नोव्हेंबरातला स्मरणाचा रविवार," शमुवेलकाका उठत म्हणाले. "त्या दिवशी तुझा बाप कीर्तन करायचा. तू करून दाखव. नाही जमलं तर बाजा नगरच्या मोठ्या देवळाला. तिथं काचेच्या कपाटात ठेवतील, नीट राहील."

"कपाटात बाजा नीट राहत नाही काका. भाता सुकतो."

"मग शीक की पोरी! माझ्यावर कशाला डोळे काढतेस?"

आमच्या मंडळीतली एक रीत इथंच सांगून ठेवते. स्मरणाच्या रविवारी पाळकसाहेब गावातल्या देवाघरी गेलेल्यांची यादी वाचतात, साल आणि नाव. नाव आलं की त्या घरातलं कुणीतरी उभं राहतं, आणि पुढचं नाव येईपर्यंत उभंच राहतं. यादी संपली की कीर्तन. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून "छत्तीस साल, सारूबाई पेत्रस रणनवरे" या नावाला उभी राहत आले होते. ती माझी आजी, बाबांची आई. पटकीत गेली असं सगळ्यांना ठाऊक. बाबा स्वतः त्या नावाला कधीच उठायचे नाहीत. कोपरानं मला ढोसायचे आणि खाली वाकून बाज्याचा पट्टा आवळत बसायचे.

तर, शिकायचं कसं? मी बाबांना पूर्वी शंभर वेळा म्हटलं होतं, मला शिकवा. ते म्हणायचे, "मी चुकीचं शिकलोय गं. चुकीचं आणखी पुढं कशाला न्यायचं?" मला वाटायचं, विनय. कीर्तनकाराला विनय शोभतो.

पुण्याच्या एका निवृत्त पाद्रीसाहेबांना मी पत्र लिहिलं. त्यांनी बिचाऱ्यांनी चार पानं भरून उत्तर पाठवलं, चित्रं काढून. जाड सूर डाव्या हाताखाली, बारीक उजव्या. एकच बटण दाबताना एक सूर देतं, ओढताना दुसरा. भाता भरून आला तर हवा सोडायचं एक बटण असतं, ते उजव्या अंगठ्याखाली. मी बाजा हातात घेतला, बाबा धरायचे तसा. माझ्या हाती सगळं उलटं. जाड सूर उजवीकडं. आणि हवेचं बटण अंगठ्यापाशी नव्हतंच, ते पार पलीकडं, डाव्या करंगळीपाशी. बाबा ते करंगळीनंच दाबायचे. त्यांची डावी करंगळी त्यापायी कायमची बाहेर वळली होती. मला वाटलं, साहेबांचा बाजा वेगळा, आमचा वेगळा. महिनाभर मी त्या पत्राशी भांडले. शेजारची रिबका म्हणाली, "शलोमे, शेळी विकत घे. निदान दूध तरी देईल."

सप्टेंबरात मी बाजा पिशवीत घालून नगरला करीमभाईंकडं गेले. हे हार्मोनियम दुरुस्त करणारे, बाबा वर्षातून एकदा त्यांच्याकडून भाता ठीक करून घ्यायचे.

"बेटी, दुरुस्त करायला सांग, आत्ता करतो," करीमभाई म्हणाले. "शिकवायचं म्हणशील तर आपल्याला 'सा' पण येत नाही. पण तू बुवांच्या उस्तादाकडं का नाही जात?"

"कोण उस्ताद?"

"आता मला काय माहीत! दर जानेवारीत बुवा इथून बाजा घ्यायचे, समोरून पावशेर रेवड्या घ्यायचे आणि औरंगाबादच्या एस.टी.त बसायचे. 'गुरूला भेटून येतो करीमभाई.' एकदा मी सोबत गेलो होतो, मला पुढं जायचं होतं. दयाधामच्या फाट्यावर उतरले."

बाबांना गुरू होता! पंचवीस वर्षं मी त्यांच्या घरात राहिले आणि मला ठाऊक नाही. जानेवारीत ते जायचे ते 'दौऱ्यावर'. मी करीमभाईंच्या दुकानातल्या स्टुलावर बसूनच राहिले. मग उठले, समोरून पावशेर रेवड्या घेतल्या.

दयाधाम म्हणजे कुष्ठरोग्यांची वसाहत. फाट्यावरून दोन मैल आत. दुपारचं ऊन, कौलारू खोल्यांच्या रांगा, प्रत्येक दारापुढं भाजीचा वाफा. एका वाफ्यात पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बसून पावट्याच्या वेलाला काठी बांधत होती. दोरीची गाठ ती दातांनी आवळत होती. बोटं आत वळलेली, दोन-तीन तर अर्धीच.

"सलाम, आजी," मी लांबूनच म्हटलं. किती लांबून ते आज सांगायला लाज वाटते. "इथं कॉन्सर्टिना शिकवणारे गुरुजी कुठं राहतात?"

"गुरुजी नाहीत कुणी." तिनं दोरी थुंकली. "गुरुजीण आहे. चालंल का?"

"तुम्ही?"

"का? माझी बोटं बघून विचारतेस व्हय? वाजवायला बोटं लागतात. शिकवायला तोंड पुरतं. आणि माझं तोंड शाबूत आहे, इथं कुणालाही विचार." ती हसली. "बस त्या दगडावर. आजवर शिकवलंय मी एकालाच, आधीच सांगते. आणि तोही उलटाच शिकला. किती येतंय तुला?"

"काहीच नाही."

"ब्येस. अर्धवट येणाऱ्यापेक्षा ते बरं. काढ बाजा, धर बघू कसा धरतेस."

मी पिशवीतून कॉन्सर्टिना काढली, पट्ट्यांत हात घातले, आणि सवयीनं करंगळी ताणून हवेच्या बटणावर ठेवली.

तिच्या हातातली काठी खाली पडली. वेल तिच्या खांद्यावर तसाच लोंबत राहिला. ती माझ्या करंगळीकडं बघत होती. मग बाज्याकडं. मग माझ्या तोंडाकडं, आणि तिथंच थांबली.

"ही तुझ्याकडं कशी?" आवाज एकदम बारीक झाला होता.

"माझ्या बाबांची."

"ते कळलं. ती तुझ्याकडं कशी? तो कुठाय?"

मला वाटलं, करीमभाईंनी पाठवलं म्हणजे यांना बातमी असणार. असं का वाटलं, देव जाणे. मी अगदी सहज म्हणाले, "बाबा जुलैत गेले ना. बाजा नगरला जाऊ नये म्हणून मला नोव्हेंबरच्या आत..."

पुढचं वाक्य मी बोलले की नाही, आठवत नाही. म्हातारी वाफ्यातच खाली बसली. ओल्या मातीत. रडली नाही, ओरडली नाही. हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. शेजारच्या दारातून कुणीतरी विचारलं, "काय झालं गं सारू?" तिनं नुसता हात हलवला.

"पावटे वाळवलेत त्याच्यासाठी," ती म्हणाली. "जानेवारीत येतो ना. डबाभर झालेत."

मी रेवड्यांचा पुडा हातात धरून उभी. सारू हे नाव ऐकलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. जगात सारूबाया काय थोड्या असतात?

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "तुझं नाव शलोमी."

"हो."

"आजीचं काय सांगितलंय तुला घरात?"

"आजी छत्तीस साली पटकीत गेली. मी पाहिली नाही तिला. आमच्या कबरस्तानात कबर आहे."

"क्रूस लोखंडी?"

"हो."

"अजून कलतोय का डावीकडं?" ती माझ्याकडं न बघताच म्हणाली. "पेत्रसला कधी काही सरळ लावता यायचं नाही. खुंटी ठोकली तरी वाकडी."

पेत्रस म्हणजे माझे आजोबा, आणि त्यांनी लावलेला तो क्रूस खरंच डावीकडं कललेला आहे. दरवर्षी ईस्टरला मी तो चुन्यानं रंगवते, आणि दरवर्षी सरळ करायचं ठरवते.

मला आठवतं ते एवढंच, की माझे दात एकमेकांवर वाजत होते. भर उन्हात. ज्या बाईच्या नावाला मी सतरा-अठरा वर्षं उभी राहिले, ती माझ्या समोर मातीत बसली होती, आणि तिला मी आत्ताच, पावशेर रेवड्या हातात धरून, तिचा मुलगा मेल्याचं सांगितलं होतं.

"पण कबरीत..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"माझी दोन लुगडी. आणि जात्याची खालची तळी." तिनं नाक पदराला पुसलं. "वजन नको का? पटकीचं म्हटल्यावर शवपेटी कुणी उघडत नाही, पण हलकी लागली तर माणसं बोलतात. चांगलं जातं होतं गं. माझ्या आईचं."

मग तिनं सांगितलं. सलग नाही, मधे मधे थांबत. हातावर पहिला चट्टा उठला तेव्हा ती बत्तीस वर्षांची, गावोगाव बाजा घेऊन फिरणारी बायबलबाई. दाविद बारा वर्षांचा, मिशनच्या बोर्डिंगात जायचा होता.

"महारोग्याच्या पोराला बोर्डिंगात कोण घेणार? शेजारी कोण झोपू देणार? तेव्हा गावात पटकी होतीच. मीच पेत्रसला म्हटलं, मला पटकी झाली म्हणा. तो रडला. मी म्हटलं, रडतोस काय, मेल्यावर रडायचंच आहे, तेव्हाच रड. दोन्ही कामं एकदम होतील."

"आणि बाबांना?"

"पेत्रसच्या पोटात किती दिवस राहणार? वर्षानं सांगितलं त्यानं. पोरगं सुट्टीत चालत आलं इथवर, तीन दिवस. तेव्हा इथं तारेचं कुंपण होतं. ती बघ, तिथं. माणसांनी आठ हातांवर उभं राहायचं. मी तारेच्या आत बाजा वाजवायची, तो बाहेर. म्हणाला, 'आई, मला शिकव.' त्याच्याकडं काय होतं? लाकडाचा एक ठोकळा, त्यावर मक्याचे दाणे चिकटवलेले. ती त्याची बटणं. माझ्यासमोर उभा राहायचा आणि मला बघून बघून बोटं हलवायचा."

"समोर उभं राहून," मी म्हटलं.

"समोर उभं राहून! कळलं का तुला? माझा डावा हात त्याला उजवीकडं दिसायचा. मी ओरडायची, 'दाविद, उलटं धरलंयस, फिरव!' तर ते येडं स्वतःच फिरायचं. माझ्याकडं पाठ करून उभं. ठोकळा तसाच." ती हसली, आणि हसताहसता आता मात्र तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "दोन हात धरून फिरवलं असतं की झालं असतं. एवढंच तर काम होतं. पण मधे तार."

पुढं तिची बोटं वळायला लागली. तिनं बाजा सात दिवस कडक उन्हात ठेवला आणि तारेवर टांगला. त्याला सांगितलं, फडक्यानं उचल. त्यानं तसाच उचलला, आणि भात्याला गाल लावून उभा राहिला.

"मग औषधं आली. माझ्याकडं कार्ड आहे, रोगमुक्त झाल्याचं, तेपन्न सालचं. तार निघाली. तो दरवर्षी म्हणायचा, घरी चल. मीच शपथ घातली होती त्याला, कुणाला सांगायचं नाही म्हणून. म्हटलं, मेलेलं माणूस उठून पंगतीला बसलं तर शेजारी कोण बसणार रे?"

"पण तार निघाल्यावर तरी त्यांचा हात सुधारायचा की!"

"तोवर त्याचा हात बसला होता." तिनं स्वतःची बोटं उलटीपालटी करून पाहिली. "आणि खरं सांगू? मला तसाच आवडायचा. समोर बसून वाजवायला लागला की आरशात बघितल्यासारखं वाटायचं. माझी बोटं धड असती तर अशीच चालली असती."

मग ती उठली, हातपाय धुतले, आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"नव्या माणसाला समोरचा मास्तर काय कामाचा? मागचा लागतो," ती म्हणाली. तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवरून पुढं आले. वळलेली, निबर बोटं माझ्या मनगटांवर पडली.

आणि मी दचकले. लपवत नाही. देवाचं नाव घेणारी मी, कीर्तनात रोग्यांच्या आख्यानाला ढसाढसा रडणारी मी, माझ्या सख्ख्या आजीच्या हाताला दचकले. तिला ते कळलं. हात तसेच ठेवले तिनं.

"चालायचंच. मीपण दचकले. छत्तीस सालापासून मी होऊन कुणाचा हात धरला नव्हता." आणि तिनं माझ्या हातांतून बाजा सोडवला, फिरवला, आणि पुन्हा माझ्या हातांत बसवला. "हं. आता अंगठा हलव."

अंगठ्याखाली हवेचं बटण होतं. अगदी तिथंच. भात्यातून उसासा निघाला, आणि मला बाबा आठवून इतकं रडू आलं, की पहिला धडा तेवढाच झाला.

मी दर शनिवार-रविवार जात राहिले, नऊ आठवडे. शिकवताना ती कडक. "भाता ओढतेस की शेजारणीचे केस?" "बटण आहे, ढेकूण नाही, हळू दाब." बाबांची आख्यानं मी म्हणायची आणि ती मागून सांगायची, इथं ओढ, इथं थांब, इथं माणसांना रडायला जागा दे. प्रत्येक वेळी निघताना मी विचारायची, रविवारी येशील ना कीर्तनाला? प्रत्येक वेळी तिचं एकच. "मी तिथं मेलेय बाई. लोकांची जेवणं कशाला नासवू?"

शेवटच्या शनिवारी मी म्हटलं, "या वर्षी यादीत बाबांचं नाव वाचतील. पहिल्यांदाच."

तिनं पावट्याचा डबा तेवढा माझ्या पिशवीत ठेवला.

स्मरणाचा रविवार. देऊळ भरलेलं. मी पुढच्या बाकावर, मांडीवर कॉन्सर्टिना. पाळक उजागरेसाहेब तरुण, बदलून आलेले. ते यादी वाचत होते आणि माणसं उभी राहत होती, बसत होती. पस्तीस सालातली नावं झाली.

"छत्तीस साल. सारूबाई पेत्रस रणनवरे."

मी उठले नाही. उठायचं नाही हे मी ठरवलं होतं. जिवंत माणसाच्या नावाला मी पुन्हा उभी राहणार नव्हते. शमुवेलकाकांनी पलीकडच्या बाकावरून काठी आपटली. "ऊठ की गं पोरी!"

पाळकसाहेब माझ्याकडं बघत थांबले. सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं. आणि मग ते बघणं एकाएकी माझ्यावरून सरकलं आणि मागं गेलं. मी वळले.

दारापाशी, अगदी शेवटच्या बाकाशी, पांढऱ्या लुगड्यातली माझी आजी उभी होती. दोन्ही हात पदरात. स्वतःच्या नावाला ती स्वतः उभी राहिली होती.

आधी कुणाला काही कळलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही कोण? या घरातल्या?"

"मी तीच आहे साहेब," ती म्हणाली. "आत्ता वाचलीत ती."

एक बाई किंचाळली. कुणीतरी पोर ओढून जवळ घेतलं. पदर सरला आणि तिचे हात दिसले, तशी मागची दोन बाकं रिकामी झाली. चपलांचे आवाज, बाकं सरकल्याचे आवाज, आणि मग काहीच नाही. त्या रिकाम्या जागेत ती एकटी उभी. मी बाजा बाकावर ठेवू लागले, पण माझ्याआधी दुसरंच कुणी उठलं.

शमुवेलकाका उठले. ते मधल्या वाटेनं चालत गेले, काठी टेकत, एकेक पाऊल. तिच्यापुढं जाऊन थांबले. त्यांचा तो गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"सारूवैनी," ते म्हणाले. "मी खांदा दिलाय तुला. पटकीचं म्हणून कुणी पुढं येईना, तेव्हा चौघांत मी होतो."

"ठाऊक आहे शमू. पेत्रसनं सांगितलं होतं. जड लागली असंल."

"दोनदा खाली टेकवली."

"जात्याची तळी होती."

अडतीस वर्षांपूर्वीचा खांदा शमुवेलकाकांनी हातानं चाचपला, खरंच चाचपला, मी पाहिलं. मग ते हळूहळू त्या रिकाम्या बाकावर बसले. तिच्या शेजारी. आधी हातभर अंतर होतं. मग सरकले, आणि तेही राहिलं नाही.

"वाचा साहेब पुढं," आजी पाळकांना म्हणाली. "माझा मुलगा शेवटी आहे."

ती बसली नाही. अडतीस वर्षांची नावं वाचून होईपर्यंत ती उभीच होती. शेवटी आलं, "चौऱ्याहत्तर साल. दाविद पेत्रस रणनवरे." आता मी उठले. पुढं मी, मागं ती, आणि मधे सगळं गाव मान खाली घालून.

मग मी कीर्तन केलं. कसं केलं ते मला विचारू नका, माझ्याच्यानं ते झालं असं मला आजही वाटत नाही. आख्यान भरात आलं आणि जुन्या सवयीनं माझी डावी करंगळी बाहेर ताणली गेली, भाता अडला. मी घाबरून शेवटच्या बाकाकडं पाहिलं. आजीनं पदरातून हात वर काढला होता आणि अंगठा हलवत होती. अंगठा, पोरी, अंगठा. मी हवा सोडली. देवळात तो लांब उसासा पसरला, आणि पुढचं आपोआप आलं.

बाहेर पडताना शमुवेलकाका बाज्याकडं बोट करून एवढंच म्हणाले, "ने घरी."

आजी मात्र त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं परत गेली. वाफ्याला पाणी कोण घालणार म्हणाली. पुढं तीन वर्षं ती त्या रविवारी यायची, आपल्या नावाला उभी राहायची, मुलाच्या नावाला उभी राहायची. सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात ती गेली, या वेळी खरोखर. तिच्याच कबरीत पुरायचं ठरलं. खणताना फावडं ठण्णकन वाजलं. ती जात्याची तळी आज माझ्या उंबऱ्याशी आहे, येताना तुम्ही तीवरच पाय पुसलेत. क्रूस मी सरळ केला नाही.

यादीचं काय करायचं हा प्रश्न पडला. नाव तर आधीपासूनच होतं. पाळकसाहेबांनी छत्तीस खोडलं, सत्त्याहत्तर लिहिलं. एवढाच काय तो बदल.

चहा आला बघा. घ्या, पण एक मागणं आहे. मला मूलबाळ नाही, माझ्यानंतर त्या नावाला आमच्या घरातलं कुणी उरणार नाही. तेव्हा तुम्ही आपापल्या गावी जाल, देवापुढं बसाल, गेलेल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा माझ्या गुरूचंही घ्या. सारूबाई पेत्रस रणनवरे. आणि एवढं करा, ते नाव घेताना बसून राहू नका. कुणीतरी एकानं उभं राहा.